सगळे उतार जाळीकडे

तिला सगळे उतारबाई म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ठाऊक होतं, आणि ठाऊक असल्याचं तिने कधी लपवलंही नाही. ती फरशी बसवायची. न्हाणीघरं, मोऱ्या, गच्च्या, धुण्याच्या जागा, जिथे म्हणून पाणी सांडतं तिथे ती. बाकीचे कारागीर फरशीच्या रंगाबद्दल आणि नक्षीबद्दल बोलतात, ही बोलायची ती उताराबद्दल. काम संपलं की गिऱ्हाइकाला दारात उभं करायची, मगभर पाणी कोपऱ्यात ओतायची आणि खिशातली काचेची गोटी काढून फरशीवर सोडायची. पाणी आणि गोटी दोन्ही मुकाट्याने जाळीपाशी पोचली, की मगच हत्यारं पिशवीत. एकदा दवाखान्यात नंबराची वाट बघताना तिने तिथल्या फरशीवरही गोटी सोडली आणि फरशी नापास केली. नवरा उठून लांबच्या बाकावर जाऊन बसला.

हे वेड उगाच लागलं नव्हतं. त्यामागे तिचे सासरे होते.

लग्न होऊन आली तेव्हा तिला फरशी फक्त पुसता यायची. नवरा सामान पोचवायची गाडी चालवायचा, त्यात भागत नव्हतं, म्हणून ती शेजारच्या इमारतीत माल कालवायला जाऊ लागली. तिथला गवंडी आळशी होता. त्याचा आळस हिच्या पथ्यावर पडला. तो चहाला गेला की ही थापी उचलायची, आणि बघता बघता हात बसला. मग नातेवाइकांना तोंड फुटलं. बाईमाणसाने थापी धरायची म्हणजे काय, उद्या ही भिंतीवर चढेल, परवा छपरावर. हे सगळे पाहुणे बैठकीच्या खोलीत चहा पीत बोलत होते आणि ती आत गॅसपाशी ऐकत उभी होती. तेव्हा एरवी चार माणसांत तोंड न उघडणारे सासरे म्हणाले, "आमच्या न्हाणीची फरशी फुटलीये. तिच्याकडूनच करून घेणार आहे मी. ज्याला बघायचं असेल त्याने यावं."

सासरे गोल्फच्या मैदानावर कामाला होते. खेळायला नव्हे, हिरवळ राखायला. त्या खेळात शेवटी एक अगदी मऊ, बारीक कापलेली हिरवळ येते. तिच्यावरून चेंडू हलकेच घरंगळवून एका लहान खड्ड्यात घालायचा असतो. ती हिरवळ आणि तो खड्डा, दोन्ही सासऱ्यांच्या ताब्यात. रोज उजाडायला ते जायचे, दवाने ओल्या गवतावरून अनवाणी चालायचे आणि जुना खड्डा बुजवून नवा पाडायचे, कारण खड्डा एकाच जागी राहिला की आजूबाजूचं गवत मरतं. साहेब लोक खेळायला यायच्या आत ते बाजूला झालेले असत. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांसाठी खड्डे पाडले, पण सगळ्यांदेखत एक चेंडू कधी मारला नाही. याचं त्यांना काही वाईटही वाटत नसे.

तर तिने न्हाणी केली. पाहुणे येऊन बघून गेले, फरश्या सरळ रेषेत होत्या, नावं ठेवायला जागा नव्हती. सासरे सगळ्यांना सांगत सुटले की थेंबभर पाणी राहत नाही. त्या जोरावर तिला शेजारची दोन कामं मिळाली, मग पलीकडच्या गल्लीतली, आणि मग तिने मागे वळून पाहिलं नाही. घरी एवढंच व्हायचं, की न्हाणीबाहेरचा बोळ सकाळी ओला असायचा. कुणी विचारलं की सासरे म्हणायचे, "मीच सांडलं जरा पाणी." सगळ्यांना वाटायचं, वय झालं, हात थरथरतो. एकदा तिने थोडं फणकाऱ्याने म्हटलंही होतं, "बाबा, जरा बघून घेत जा, कुणी घसरेल." ते "हो, हो" म्हणाले होते.

खरं काय ते बऱ्याच वर्षांनी सासूबाईंनी सांगितलं, त्या अंथरुणाला खिळल्या तेव्हा. ही त्यांचे केस विंचरत होती. "अगं, ते कसले सांडतायत," सासूबाई म्हणाल्या. "तुझा उतार उलटा पडला होता, दाराकडे. तू आंघोळ करून कामावर पळालीस की हे वायपर घेऊन सगळं पाणी मागे लोटायचे. नवीन पोर आहे, धीर खचेल तिचा, म्हणायचे. मला शपथ घातली होती." हिच्या हातातली फणी तशीच राहिली. त्याच महिन्यात तिने फरशीचा रंग जुना झाला असं कारण काढून ती न्हाणी उखडली आणि नव्याने केली. सासऱ्यांनी कारण विचारलं नाही. तिने सांगितलं नाही. पण वायपरचा दांडा हातांनी गुळगुळीत झालेला होता, तो तिने टाकला नाही. मागच्या दाराआड उभा करून ठेवला. आणि त्या दिवसापासून तिच्या खिशात गोटी आली.

आभार मानायचे राहूनच गेले. कसे मानणार? ज्या गोष्टीचं नाव त्यांनी कधी काढलं नाही, तिचं नाव आपण काढायचं म्हणजे त्यांची इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात घालवायची. ती रोज त्यांना पहिला चहा द्यायची, आणि मनात म्हणायची ते म्हणायची.

सासूबाई गेल्यावर दुसऱ्या वर्षी सासऱ्यांना अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली. मग हळूहळू थोडी परत आली, हात वर जाऊ लागला, जीभ सुटली, पण माणूस परत येईना. व्यायाम करवून घ्यायला एक बाई यायच्या. त्या म्हणायच्या, पाय मेलेला नाही, पण हे त्याच्यावर भारच टाकत नाहीत. उभं राहायला हवं, दोन्ही पायांवर, उघड्यावर, रोज. नाहीतर जे आलंय तेही जाईल. सासऱ्यांसमोर त्यांनी रबरी चेंडू ठेवला, रंगीत दोऱ्या ठेवल्या. सासऱ्यांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की त्या बाईंनीच दोऱ्या गुंडाळून पिशवीत टाकल्या. "मन लागेल असं काहीतरी काढा बघू तुम्ही," जाताना त्या दारात म्हणाल्या. "फार वेळ नाहीये आपल्या हातात."

सासरे भिंतीकडे तोंड करून बसायचे. ज्यांना आयुष्यभर उघड्या मैदानाशिवाय करमलं नाही, त्यांची खुर्ची भिंतीकडे. तिला ते बघवत नसे.

घरामागे थोडी मोकळी जागा होती. तिथे जुनी लाकडं, फुटक्या कुंड्या आणि नवऱ्याची कधीतरी दुरुस्त होणार असलेली सायकल असा संसार होता. एका गच्चीच्या कामावर तिला नकली हिरवळ अंथरणारा माणूस भेटला. उरलेला मोठा तुकडा त्याच्याकडे पडून होता, अगदी आखूड पात्याचा, चेंडू घरंगळवायला लागतो तसा. तो पाहून तिच्या डोक्यात प्रकाश पडला. घरी येऊन तिने विषय काढला तर सासरे एवढंच म्हणाले, "प्लॅस्टिकचं गवत? त्यापेक्षा फरशीवर बसव मला." त्यावर तिने पुढे काही विचारलं नाही. सासऱ्यांना विचारून केलं असतं तर या घरात न्हाणीसुद्धा झाली नसती, असं ती नवऱ्याला म्हणाली, जे साफ खोटं होतं.

हिरवळवाल्याने तिला एकच गोष्ट बजावली होती. "गवत कुणीही अंथरेल. पाणी निघालं पाहिजे. खाली पाणी तुंबलं की जमीन बसते, गवताला फुगवटे येतात आणि असा वास सुटतो की घर विकावं लागेल." हे तो कुणाला सांगत होता! माशाला पोहायला शिकवण्यासारखं होतं ते.

तिने आणि नवऱ्याने सुट्टी बघून जागा रिकामी केली. सायकलवरून थोडं वाजलं, मग सायकलही गेली. माती वीतभर खणून काढली. खणल्यावर तिने तळाला उतार दिला, मधोमध एक चर पाडला, त्यात बाजूंना छिद्रं असलेला पाइप टाकला आणि तो कुंपणाच्या गटाराला नेऊन जोडला. माती वर येऊन पाइप चोंदू नये म्हणून जाड कापड अंथरलं. त्यावर खडी, खडीवर दगडाची चुरी, आणि प्रत्येक थरावर पाणी मारून, तो ठोकून बसवायला धुम्मस. धुम्मस नवऱ्याच्या हातात. "गाडी चालवणाऱ्या माणसाचं हे काम आहे का?" तो प्रत्येक ठोक्याला विचारायचा, आणि ठोका मात्र इमानाने घालायचा.

दुपारी ती पाणी प्यायला आत आली तेव्हा खुर्ची खिडकीकडे वळली होती. सासऱ्यांनी ती कशी वळवली कोण जाणे.

"खाली खडी घातलीस?" त्यांनी विचारलं. शब्द जरा जड येत होते.

"घातली, बाबा."

"मोठी आधी?"

"मोठी आधी, बारीक वर."

"हं," ते म्हणाले. या घरात कित्येक आठवड्यांत त्यांनी आपण होऊन विचारलेला हा पहिला प्रश्न होता. तिने पाणी न पिताच ग्लास खाली ठेवला आणि परत कामाला गेली, कारण तिथे थांबली असती तर रडली असती.

मग आलं खड्ड्याचं काम. हिरवळीच्या मधोमध, बरोबर पाइपच्या डोक्यावर, तिने तो खड्डा ठेवला. चार बाजूंनी चुरी ओढून, पट्टी फिरवून, पाणसळ लावून तिने सगळी जमीन त्याच्याकडे उतरती केली. असा साफ उतार तिने आयुष्यात काढला नव्हता. गवत ताणून बसवलं, कडा दाबल्या, पात्यांत बारीक वाळू झाडून भरली. कुंपणाच्या बाजूने धरायला एक स्टीलचा दांडा बसवला, म्हाताऱ्या माणसांच्या न्हाणीत ती बसवायची तसा. मग नळी सोडली. पाणी चहूकडून धावत आलं, खड्ड्यात उतरलं आणि दिसेनासं झालं. तिने गोटी काढली. या कोपऱ्यातून सोडली, आत. त्या कोपऱ्यातून सोडली, आत.

"अहो, बघितलंत?" ती नवऱ्याला म्हणाली. "कुठूनही सोडा, बरोबर आत जाते!"

"वा!" नवरा म्हणाला. त्यालाही त्यात काही वावगं दिसलं नाही. खरंच, एकमेकांना शोभणारी जोडी होती.

दुसऱ्या दिवशी व्यायामाच्या बाई आल्या तेव्हा तिघांनी मिळून सासऱ्यांना मागच्या दारी नेलं. ते कुरकुरले, पण थोडीच. एका बाजूला दांडा, दुसऱ्या बाजूला मुलगा, हातात चेंडू मारायची काठी. ती त्यांच्याच मैदानावरची होती, कुणा साहेबाने टाकून दिलेली, माळ्यावर पडून होती. त्यांनी चेंडूकडे पाहिलं, खड्ड्याकडे पाहिलं, आणि उजव्या हाताने अलगद ढकलला. चेंडू निघाला, भलत्याच दिशेला निघाला, मग वाकला आणि टप्प् करून आत पडला.

"वा बाबा!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

दुसरा मारला. तोही आत. तिसरा त्यांनी मुद्दाम कुंपणाकडे मारला. तो कुंपणाला लागला, थोडा विचार केल्यासारखा थांबला, आणि वळून खड्ड्यात गेला. सासऱ्यांच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी चप्पल काढली, तळवा गवतावर टेकवला, थोडा पुढे सरकवला. मग काठी मुलापुढे धरली.

"तू मार."

"मी? बाबा, मला कागदाचा बोळासुद्धा टोपलीत टाकता येत नाही."

"म्हणूनच. डोळे मीट आणि मार."

मुलाने डोळे मिटले आणि मारला. टप्प्.

सासऱ्यांच्या घशातून एक आवाज आला. तिला वाटलं, काहीतरी झालं, ती धावली. पण ते हसत होते. आधी घशात, मग पोटात, मग सगळे खांदे हलायला लागले. "सूनबाई," त्यांना बोलता येईना, "सूनबाई, ही हिरवळ नाही गं! तू न्हाणी केलीस! सगळे उतार जाळीकडे!"

ती पाहतच राहिली. मग तिला समजलं, आणि कानापर्यंत लाल झाली. जो खेळ नेम चुकण्यावर उभा आहे, त्यात तिने चुकायची सोयच ठेवली नव्हती. "मी सगळं उखडते, बाबा," ती घाईघाईने म्हणाली. "उद्याच उखडते. तुम्हाला विचारायला हवं होतं मी."

"थांबा," व्यायामाच्या बाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "त्यांच्याकडे बघा."

हसता हसता सासऱ्यांचा हात दांड्यावरून सुटला होता. मुलाचा आधार तर काठी देतानाच सुटला होता. ते आपल्या दोन पायांवर उभे होते, एका हाताने डोळे पुसत.

"उखडायचं काही नाही," ते म्हणाले. "हा आहे तसा ठेव, पाण्याला. त्याच्यावर जाळी घाल. खेळायचा खड्डा कधी खोलगट जागी पाडू नये, तो दुसरीकडे पाडू. उंचवट्यावर." ते थांबले. "पण जागा मला बघायला लागेल. चालून."

मग ते चालले. एका बाजूला मुलगा, दुसऱ्या बाजूला ती, मागे व्यायामाच्या बाई श्वास रोखून. अनवाणी, डावा पाय थोडा ओढत, हिरवळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. "हे प्लॅस्टिक काहीच सांगत नाही पायाला," अशी तक्रार करत. दोन जागा नापसंत केल्या, परत फिरले, पुन्हा गेले. ज्या पायावर भार टाका म्हणून सगळे विनवत होते, त्याच पायाची टाच शेवटी त्यांनी कुंपणाजवळच्या उंचवट्यावर दाबली. "इथे," ते म्हणाले.

तिने तिथलं गवत गोल कापलं, नवा खड्डा पाडला, खाली खडी घालून तिथून पाइपपर्यंत चर नेला, कापलेल्या गवताचा सांधा चिकटवून टाकला. जुन्या खड्ड्यावर न्हाणीची जाळी बसवली. मग सासऱ्यांनी चेंडू मारला आणि तो खड्ड्याच्या बाजूने निघून गेला. पुन्हा मारला, पुन्हा गेला. "चुकला!" ते ओरडले, आणि त्यांच्या तोंडावर असा आनंद होता की बघणाऱ्याला वाटावं, यांनी सामना जिंकला. त्या दिवसापासून खुर्ची भिंतीकडे गेली नाही. बाई आठवड्याने यायच्या त्या पंधरवड्याने येऊ लागल्या, आणि एकदा तर स्वतःच खेळून हरून गेल्या.

त्यानंतर एका रात्री चांगला पाऊस पडून गेला. सकाळी तिला जाग आली ती धास्तीनेच. नव्या खड्ड्याचा सांधा तिने घाईत चिकटवला होता, गोटी सोडून बघायची राहून गेली होती, आणि हे तिला आत्ता अंथरुणात आठवलं. ती तशीच उठली. सासऱ्यांची खोली रिकामी होती. हल्ली चालताना ते धरायचे तो वॉकर मागच्या दारापाशी होता, दार उघडं होतं, आणि दाराआडचा वायपर जागेवर नव्हता.

सासरे हिरवळीवर उभे होते. नव्या खड्ड्याच्या बाजूला, तिच्या सांध्यापाशी, खणलेली जमीन बसून मोठं तळं साचलं होतं. दोन्ही हातांत वायपरचा दांडा धरून, डावा पाय घट्ट रोवून ते पाणी जाळीकडे लोटत होते. हळू हळू, एक हात, मग थांबणं, मग दुसरा हात. तिची चाहूल लागली तसे ते दचकले.

"काही नाही गं," ते म्हणाले. "मीच सांडलं जरा पाणी."

रात्रभर पाऊस पडला होता. पन्हळीतून अजून पाणी ठिपकत होतं. समोर सबंध आवार भिजलेलं होतं, आणि हा माणूस म्हणत होता, मीच सांडलं. दरवाजात उभ्या उभ्याच तिने हात जोडले, आणि हात जोडलेत हे तिचं तिलाच मागाहून कळलं.

"बाबा," ती म्हणाली, "न्हाणीतलंही तुम्हीच सांडायचात ना?"

वायपर थांबला. सासऱ्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं, मग पाण्याकडे पाहिलं.

"सांगितलंन वाटतं," ते म्हणाले. "तुझ्या सासूच्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ."

ती हसायला लागली आणि रडायलाही लागली, आणि दोन्ही एकदम जमेना म्हणून पायरीवर बसली. "तुम्ही नसतात तर माझ्या हातून थापी कधीच सुटली असती, बाबा," ती म्हणाली. "माझं जे काही आहे ते तुमच्यामुळे आहे. हे मला केव्हाचं सांगायचं होतं."

"बरं, सांगितलंस," सासरे म्हणाले. त्यांचाही आवाज जरा जड झाला होता, पण त्याचा दोष झटक्याने जड झालेल्या जिभेवर ढकलता येण्यासारखा होता. "आता चहा टाक. आणि जाताना तो सांधा बघून घे, कुणी घसरेल."

आणि ते पुन्हा पाणी लोटू लागले.